रक्ततपासणी आणि आहार: दीर्घकालीन आजारांचा धोका कसा जोखावा

मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा जुनाट आजार आणि यकृतात साठणारी चरबी हे विकार शरीरात मुरत असताना बरीच वर्षे काहीच त्रास देत नाहीत. त्या काळात त्यांचा माग काढण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे रक्ततपासणी. परंतु अहवालातील आकडा एकटाच वाचला तर तो फारसे काही सांगत नाही. नमुना देण्याआधीचे काही आठवडे माणूस काय खात होता, किती वेळ उपाशी होता, नुकताच आजारातून उठला होता का, हे सारे त्या आकड्यात मिसळलेले असते. म्हणून येथे सुचवलेला क्रम असा आहे: आधी नेहमीच्या आहाराची प्रामाणिक नोंद, मग तपासणी, मग आहारात ठरवून केलेला एखादाच बदल आणि शेवटी पहिल्यासारख्याच परिस्थितीत पुन्हा तपासणी. हा क्रम मोडला, तर दोन अहवाल हाती असूनही आकडा कशामुळे बदलला हे सांगता येत नाही.

नेमके काय तपासायचे

साठ-सत्तर चाचण्यांचे एकत्रित पॅकेज घेण्याचा मोह होतो, पण धोका जोखण्यासाठी त्याचा उपयोग कमी आणि घोळ जास्त. बहुतेक चाचण्यांची ‘सामान्य मर्यादा’ ठरवताना निरोगी माणसांच्या मोठ्या गटाची तपासणी करून मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे मर्यादेत धरले जातात. म्हणजे धडधाकट माणसांपैकीही वीसातील एक जण त्या मर्यादेबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर पूर्णपणे निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. त्या एका ठळक आकड्यामागे धावताना पुढच्या चाचण्या, सोनोग्राफी आणि झोपमोड असा सगळा प्रपंच उभा राहतो. साखर आणि कोलेस्टेरॉल यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांच्या मर्यादा लोकांच्या सरासरीवरून नव्हे, तर कोणत्या पातळीपासून आजार वाढतो यावरून ठरवलेल्या आहेत, आणि म्हणून त्या अधिक गांभीर्याने घ्याव्यात.

प्रौढ व्यक्तीला पहिल्या फेरीसाठी पुढील चाचण्या पुरतात: उपाशीपोटीची रक्तशर्करा आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज), लिपिड प्रोफाइल (एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातील चरबी), मूत्रपिंडे बाहेर टाकतात ते क्रिएटिनिन व त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज), लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी गुणोत्तर, यकृताची एएलटी व एएसटी ही विकरे आणि संपूर्ण रक्तगणना. यात लघवीची चाचणी मुद्दाम घातली आहे, कारण मूत्रपिंडाची गळती रक्तातील क्रिएटिनिन वाढण्याच्या बरीच आधी लघवीत दिसू शकते. लायपोप्रोटीन (ए) या कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणाची चाचणी मात्र आयुष्यात एकदा करून ठेवावी. ही पातळी जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते, आहाराने ती फारशी हलत नाही, आणि ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वरचा आकडा हृदयविकाराचा धोका वाढवतो. कोलेस्टेरॉल जास्त आले तर थायरॉइडसाठी टीएसएच पाहावे, कारण थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल वाढते. प्राणिजन्य अन्न अजिबात न घेणाऱ्यांनी आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी बी-१२ तपासावे.

काही चाचण्या स्पष्टपणे टाळाव्यात. कोणतेही लक्षण नसलेल्या माणसाने कर्करोगाचे ‘मार्कर’ सरसकट तपासण्यात अर्थ नाही. ‘तुम्हाला कोणते अन्न चालत नाही’ हे सांगणारी आयजीजी प्रतिपिंडांची यादी तर त्याहून फसवी आहे; आयजीजी वाढलेले असणे म्हणजे ते अन्न आपण खात आलो आहोत एवढेच, आणि अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही चाचणी या कामासाठी वापरू नये असे सांगितले आहे.

एवढे करूनही रक्तात काही गोष्टी दिसत नाहीत. रक्तदाब, कमरेचा घेर, तंबाखू आणि जवळच्या नातेवाइकांना कमी वयात झालेला हृदयविकार यांची नोंद अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात हाताने लिहून ठेवावी. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा, हा लक्षात ठेवायला सोपा ठोकताळा आहे.

आहाराची नोंद: तपासणीच्या आधी, नंतर नव्हे

तपासणीची तारीख ठरली की अनेक जण चार दिवस गोड बंद करतात, तळलेले सोडतात आणि संध्याकाळी फिरायला लागतात. एचबीएवनसी अशा चार दिवसांनी फसत नाही, पण ट्रायग्लिसराइड्स आणि उपाशीपोटीची साखर सहज फसतात. मग अहवाल त्या चार दिवसांचा येतो, उरलेल्या वर्षाचा नव्हे. म्हणून नमुना देण्यापूर्वीचे दोन-तीन आठवडे नेहमीसारखेच खावे. ग्लुकोज पिऊन करण्याच्या चाचणीआधी तर पिष्टमय पदार्थ कमी केल्यास साखर खोटीच जास्त दिसू शकते. त्यासाठी आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदके पोटात जाणे आवश्यक असते.

याच काळात तीन दिवसांची नोंद ठेवावी, आणि त्यांतील एक दिवस सुटीचा असावा. खाल्ल्यावर लगेच लिहावे. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीतून मधल्या वेळचे खाणे हमखास गळते. लोक आपले खाणे प्रत्यक्षापेक्षा कमी लिहितात, हे शरीराने खर्च केलेली ऊर्जा थेट मोजणाऱ्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसून आले आहे, आणि यात लबाडीपेक्षा विसराळूपणाचा भाग मोठा असतो. चमच्यांनी आणि वाट्यांनी मोजताना सर्वाधिक चुका होतात त्या तेल आणि साखर यांच्यात, कारण ती पदार्थात मुरलेली असतात. त्यांच्यासाठी उलट्या बाजूने मोजणे अधिक विश्वसनीय ठरते. महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी घरातील तेलाचे वजन करावे, मधली खरेदी मिळवावी, आणि आलेल्या आकड्याला खाणाऱ्या माणसांनी व तीस दिवसांनी भागावे. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ किलो तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला सुमारे ३३ ग्रॅम, म्हणजे जवळपास ३०० कॅलरी, नुसत्या तेलातून जातात. साखर आणि मीठही याच रीतीने मोजावे. बाहेर खाल्लेले यात धरले जात नाही, त्यामुळे ते वेगळे लिहावे.

नोंद पूर्ण झाली की प्रत्येक पोषकद्रव्याचा हिशेब मांडत बसण्याची गरज नाही. संपृक्त चरबी कुठून येते (लोणी, साय, चीज, चरबीयुक्त मांस, पाम व नारळ तेल, बेकरीतील पदार्थ), तंतुमय पदार्थ किती वेळा येतात (डाळी, कडधान्ये, अखंड धान्ये, भाज्या, फळे, सुकामेवा), साखर व मैदा किती वेळा येतात आणि मद्य किती, या प्रश्नांची उत्तरे मिळाली तरी अहवाल वाचायला पुरेसे साहित्य हाती येते. पेयांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण गोड पेय ‘खाल्ले’ या सदरात कोणाच्या ध्यानात येत नाही.

नमुना देण्याचा दिवस

साखरेसाठी किमान ८ तास आणि ट्रायग्लिसराइड्ससाठी १० ते १२ तास उपाशी राहावे. साधे पाणी मात्र अवश्य प्यावे, कारण शरीरातील पाणी कमी झाले की रक्त घट्ट होऊन काही आकडे वाढतात आणि शीरही सापडत नाही. केवळ कोलेस्टेरॉलची प्राथमिक चाळणी करायची असेल तर उपाशी राहणे अनिवार्य नाही, हे युरोपातील तज्ज्ञांच्या गटाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे. परंतु दोन अहवालांची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा एकच पद्धत पाळावी. आदल्या दोन दिवसांत जड व्यायाम करू नये, कारण स्नायूंतून बाहेर पडणारी विकरे एएसटी आणि एएलटी वाढवतात आणि निष्कारण यकृतावर संशय येतो. मद्य टाळावे. आदल्या रात्रीच्या भरपूर मांसाहाराने क्रिएटिनिन तात्पुरते वाढते. केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडसह अनेक चाचण्या चुकीच्या येऊ शकतात. अशी गोळी चालू असेल तर ती किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टरांना विचारावे. इतर नेहमीची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

ताप, संसर्ग किंवा शस्त्रक्रिया झाल्यावर काही आठवडे थांबावे. त्या काळात कोलेस्टेरॉल खोटे कमी आणि साखर व दाहाचे आकडे खोटे जास्त दिसतात. लॅबमध्ये पोहोचल्यावर दहा-पंधरा मिनिटे बसून राहावे, कारण उभ्या माणसाच्या रक्तातील द्रवभाग ऊतींत उतरतो आणि कोलेस्टेरॉलसारखे मोठे घटक दाटतात. साखरेचा नमुना फ्लोराइड असलेल्या वेगळ्या, बहुधा करड्या टोपणाच्या नळीत घेतला जातो की नाही, हे पाहण्यात संकोच करू नये. साध्या नळीत पेशींसह तसेच राहिलेले रक्त साखर वापरतच राहते आणि दर तासाला आकडा सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी खाली येतो. घरून सकाळी सातला नेलेला नमुना दुपारी यंत्रावर चढत असेल, तर ११० चा आकडा ९० च्या घरात दिसू शकतो आणि मधुमेहाची पूर्वावस्था असलेला माणूस निश्चिंत होऊन बसतो.

अहवाल वाचताना

रक्तशर्करेपासून सुरुवात करावी. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांनुसार उपाशीपोटी १०० पेक्षा कमी साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये; येथील साखर आणि लिपिडचे आकडे याच एककात आहेत) सामान्य, १०० ते १२५ पूर्वावस्था आणि १२६ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना पूर्वावस्थेची सुरुवात ११० पासून धरते. एचबीएवनसीसाठी अमेरिकी निकष पूर्वावस्थेसाठी ५.७ टक्क्यांपासून आणि मधुमेहासाठी ६.५ टक्क्यांपासून असे आहेत. लक्षणे नसताना एकाच वाढलेल्या आकड्यावरून मधुमेहाचे निदान करत नाहीत. दुसऱ्या चाचणीने त्याला पुष्टी मिळावी लागते. एचबीएवनसी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात; परंतु म्हणूनच त्या पेशींचे आयुष्य बदलले की हा आकडाही बिघडतो. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या अ‍ॅनिमियात तो खोटा जास्त, तर पेशी लवकर फुटणाऱ्या आजारांत किंवा रक्तस्राव झाल्यावर खोटा कमी येऊ शकतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीएवनसीवर विसंबण्याऐवजी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज दिल्यानंतरची साखर पाहावी. रक्तगणना यादीत घालण्याचे हेच मुख्य कारण आहे.

लिपिड प्रोफाइलमध्ये लोक एकूण कोलेस्टेरॉलकडे पाहतात, आणि तोच सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे. एलडीएल अनेक लॅबमध्ये प्रत्यक्ष मोजले जात नाही. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रीडवाल्ड सूत्राने ते काढले जाते, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा केला जातो. समजा एकूण २२०, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड्स २०० आहेत. मग एलडीएल २२० वजा ४० वजा ४०, म्हणजे १४० येते. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की हे सूत्र चालत नाही, आणि त्याहून बऱ्याच कमी पातळीवरही ते एलडीएल कमी दाखवू लागते. अशा वेळी एचडीएल सोडून उरलेले सगळे, म्हणजे नॉन-एचडीएल, हा आकडा पाहावा. वरच्या उदाहरणात तो १८० आहे. त्यासाठी वेगळी चाचणी लागत नाही, उपाशी राहणेही लागत नाही, आणि धमन्यांत रुतून बसणारे जवळपास सर्व कण त्यात मोजले जातात. अपोबी या प्रथिनाची चाचणी त्याहून थेट आहे, कारण अशा प्रत्येक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो आणि त्यामुळे कणांची संख्याच कळते. ट्रायग्लिसराइड्स जास्त, एचडीएल कमी आणि कंबर मोठी असलेल्या व्यक्तीचे एलडीएल साधारण दिसत असेल, तर अपोबीवर खर्च करणे योग्य ठरते.

मूत्रपिंडासाठी ईजीएफआर ६० च्या खाली किंवा लघवीतील अल्ब्युमिन प्रतिग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या वर, आणि ही स्थिती तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली असेल, तरच जुनाट आजार म्हणतात. भरपूर स्नायू असलेल्या किंवा क्रिएटिन घेणाऱ्या माणसाचा ईजीएफआर खोटा कमी येतो. तेथे सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्तचाचणी उपयोगी पडते.

यकृताबाबत एएलटी मर्यादेत आहे म्हणून चरबी नाही असे समजू नये. यकृतात व्रणासारखे कठीण तंतू वाढले आहेत का याचा पहिला अंदाज फिब-४ या गणिताने घरीही काढता येतो: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एएलटीचे वर्गमूळ. वय ५०, एएसटी ४०, प्लेटलेट्स २०० आणि एएलटी ४९ असेल, तर २००० भागिले १४००, म्हणजे सुमारे १.४ येते. १.३ च्या खाली धोका कमी मानतात, २.६७ च्या वर तज्ज्ञाला दाखवावे लागते आणि मधल्या पट्ट्यात पुढील तपासणीचा विचार होतो. तरुणांत आणि ६५ च्या पुढे हे गणित तितकेसे खरे ठरत नाही.

एचएस-सीआरपी ही दाहाची चाचणी केली असेल आणि आकडा १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आला असेल, तर त्यातून हृदयाचा धोका काढू नये; बहुधा कुठेतरी संसर्ग किंवा दुखापत असते, आणि काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी.

हे सगळे आकडे शेवटी वय, लिंग, रक्तदाब आणि धूम्रपान यांच्यासोबत धोकामापकात भरायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाच्या वेगवेगळ्या प्रदेशांसाठी असे तक्ते अद्ययावत केले; ते पुढील दहा वर्षांतील हृदयविकार व पक्षाघाताची शक्यता टक्क्यांत सांगतात. तरुण माणसाला दहा वर्षांचा धोका जवळजवळ नेहमीच कमी दिसतो, म्हणून तिशीतील माणसाने त्या टक्क्यावर फार भरवसा ठेवू नये.

कोणत्या आकड्यासाठी आहारात काय बदलायचे

एलडीएल वाढलेले असेल तर संपृक्त चरबी कमी करून तिच्या जागी असंपृक्त तेले, सुकामेवा, कडधान्ये आणावीत; तिच्या जागी मैदा आणि साखर आणल्यास एलडीएल थोडे उतरते, पण ट्रायग्लिसराइड्स चढतात आणि फायदा उरत नाही. ओट्स, बार्ली, कडधान्ये, फळे यांतून विरघळणारे तंतू रोज ५ ते १० ग्रॅम वाढवल्यास एलडीएल साधारण ५ टक्क्यांनी घटते. कागदी फिल्टर न वापरता उकळलेल्या कॉफीतील कॅफेस्टॉल एलडीएल वाढवते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. आहाराची एकूण ताकद किती, याचे चांगले उत्तर टोरंटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांच्या २००३ मधील प्रयोगात मिळते: वनस्पती स्टेरॉल, चिकट तंतू, सोया प्रथिने आणि बदाम यांच्या एकत्रित आहाराने महिन्याभरात एलडीएल सुमारे २९ टक्क्यांनी घटले, आणि त्याच प्रयोगातील स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध घेणाऱ्या गटात सुमारे ३१ टक्क्यांनी. मात्र तेव्हा अन्न तयार करून दिले जात होते. २०११ मधील पुढच्या अभ्यासात लोक सल्ला ऐकून आपापल्या घरी खात होते आणि सहा महिन्यांनी घट सुमारे १३ टक्क्यांवर थांबली. घरच्या स्वयंपाकात अपेक्षा या दुसऱ्या आकड्याची ठेवावी.

ट्रायग्लिसराइड्सचा स्वभाव निराळा आहे. ते चरबीपेक्षा साखर, गोड पेये, मैदा, मद्य आणि वाढलेले वजन यांना लवकर प्रतिसाद देतात, आणि काही आठवड्यांतच बदल दिसतो. साखरेसाठी सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतील डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रामचा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३,२३४ लोक होते. ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम या उद्दिष्टांनी मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, तर मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. यकृतातील चरबीलाही हेच वजन घटवणे लागू पडते. कर्बोदके अगदी कमी करणारा आहार साखर आणि ट्रायग्लिसराइड्स उतरवतो, पण काही जणांत, विशेषतः सडपातळ माणसांत, एलडीएल फार वर नेतो. असा आहार सुरू केल्यास दोन-तीन महिन्यांत लिपिड प्रोफाइल करणे टाळू नये.

पुन्हा तपासणी कधी

लिपिडसाठी ६ ते १२ आठवडे आणि एचबीएवनसीसाठी तीन महिने थांबावे. तीच लॅब, सकाळची तीच वेळ आणि उपासाचे तेवढेच तास ठेवावेत. त्यानंतरही फरक पाहताना हात राखूनच निष्कर्ष काढावा: काहीही न बदलता एकाच माणसाचे एलडीएल सुमारे ८ टक्के आणि ट्रायग्लिसराइड्स सुमारे २० टक्के वरखाली होत असतात. १३० चे १२२ झाले तर तो आहाराचा गुण म्हणता येत नाही. १३० चे १०० झाले आणि तिसऱ्या तपासणीतही तिथेच राहिले, तर म्हणता येते. दुसऱ्या देशातील किंवा दुसऱ्या एककातील अहवाल जुळवायचा असेल, तर मिलिमोल प्रति लिटरमधील आकड्याला साखरेसाठी १८, कोलेस्टेरॉलसाठी ३८.७ आणि ट्रायग्लिसराइड्ससाठी ८८.६ ने गुणावे.

काही आकड्यांच्या बाबतीत आहाराचा प्रयोग करत बसू नये. फार तहान, वारंवार लघवी आणि घटणारे वजन यांच्यासोबत साखर २०० च्या वर असेल, किंवा ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर असतील, तर डॉक्टरांकडे लगेच जावे. ट्रायग्लिसराइड्स १००० च्या पुढे गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका बराच वाढतो. चालू औषधांमुळे आकडा उतरला असेल, तर आहार सुधारला म्हणून औषध आपण होऊन थांबवू नये. एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास आनुवंशिक दोषाची शंका घ्यावी लागते, आणि त्या वेळी आईवडील, भावंडे व मुले यांचेही लिपिड प्रोफाइल करून घ्यावे, मग ती कितीही सडपातळ असोत आणि काहीही खात असोत.